२३० वर चालतो, बॅटरीवर घुर्र करून बंद पडतो: जुन्या बोटीतला फ्रिज

सगळ्यात आधी एक सांगतो, गॅस भरायला देऊ नका. निदान हे सगळं वाचून होईपर्यंत तरी नका.

तुम्ही जे कळवलंय ते थोडक्यात असं, की तुम्ही तिघा मित्रांनी मिळून तीसेक फुटी जुनी शिडाची बोट घेतली, ती अलिबागच्या बाजूला असते आणि आत एक फ्रिज आहे जो २३० व्होल्टवर पण चालतो आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर पण. बोट यार्डात वर काढलेली असताना वायर ओढून २३० दिलं की मस्त थंड करतो, पाण्यात उतरून बॅटरीवर टाकला की दोन-तीन सेकंद घुर्र आणि बंद, मिनिटभराने परत घुर्र, परत बंद. मग तुम्ही तो काढून गाडीत घालून कोथरूडला आणलात, इथे बॅटरीला जोडला तर दिवसभर चालला, परत नेऊन बसवला तर पहिले पाढे पंचावन्न. एकाने मॉड्यूल, म्हणजे कंप्रेसर चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, गेलंय सांगितलं, दुसऱ्याने गॅस कमी आहे आणि बहुतेक कंप्रेसरही बदलावा लागेल असं सांगितलं.

माझं भोसरीला वर्कशॉप आहे, २२ वर्षं हेच काम करतोय. सुरुवात मार्केट यार्डातल्या पनीर-खव्याच्या टेंपोंपासून झाली, नंतर कॅराव्हॅनवाले यायला लागले आणि त्यांच्या ओळखीने बोटवाले. गाडीतला काय आणि बोटीतला काय, डीसी फ्रिजची जात एकच, फक्त बोटीत खारी हवा असते आणि तीच सगळा खेळ करते.

आता तुमच्या फ्रिजचं बघा. २३० वर छान थंड होतो हे तुम्ही स्वतःच सांगताय. फ्रिजमध्ये कंप्रेसर एकच, गॅस एकच, थर्मोस्टॅट एकच. २३० दिलं म्हणून आत दुसरा कंप्रेसर येत नाही. मग तोच गॅस २३० वर पुरतो आणि १२ वर कमी पडतो हे होणारच नाही. ज्याने गॅस सांगितला त्याने हा एवढा विचार केला नाही आणि मला याचा खरंच त्रास होतो, कारण चांगली सील असलेली सिस्टीम उगाच फोडली जाते, वर गॅस भरायचा सर्व्हिस व्हॉल्व्ह लावतात आणि त्या व्हॉल्व्हमधूनच पुढे वर्षभरात गॅस जातो. लहान फ्रिजमध्ये गॅस असतो किती, बहुतेक वेळा शंभर ग्रॅमच्या आत, त्यामुळे थोडा कमी-जास्त झाला तरी लगेच बिघडतं. तो वजनकाट्यावर मोजून भरायचा असतो, गेजकडे बघून अंदाजाने नाही.

हां, एक गोष्ट मात्र आधी तपासा. तुमचा फ्रिज खरंच दोन व्होल्टेजचा आहे का? हसण्यावारी नेऊ नका, जुन्या बोटीत हे फार वेळा निघतं. काही फ्रिजमध्ये मॉड्यूलच एसी-डीसी असतं, म्हणजे मागे २३० ची वायर पण येते आणि बॅटरीची पण, दोन्ही असतील तेव्हा ते एसीवर चालतं आणि एसी गेलं की बॅटरीवर जातं. पण काही बोटींमध्ये फ्रिज साधा १२ व्होल्टचा असतो आणि २३० जोडल्यावर फक्त बॅटरी चार्जर सुरू होतो. त्यावेळी लाईनवर १२ च्या जागी १३.८ ते १४.४ व्होल्ट येतात आणि फ्रिज पळतो, मालकाला वाटतं फ्रिज २३० वर चालतोय. मागची वायर हाताने शोधत जा, कुठून कुठे जाते बघा. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी तुमच्या केसमध्ये सगळ्या खुणा एकाच गोष्टीकडे जातात: बॅटरीपासून फ्रिजपर्यंत व्होल्ट पोचत नाहीयेत. पण पुढचं काम करताना कुठे २३० आहे हे माहीत असलेलं बरं. मागे हात घालायच्या आधी २३० चा प्लग उपटून बाजूला ठेवायचा, नुसता स्विच बंद करून चालणार नाही, आणि यार्डातून वायर ओढता तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच सप्लाय तोडणारा स्विच, हवाच. ओला डेक, अनवाणी पाय आणि २३० व्होल्ट हे एकत्र असताना कुणी निष्काळजीपणा केलेला मला सहन होत नाही.

आणि बोट मूळ अमेरिकेतून आलेली असेल तर फ्रिजची माहितीची प्लेट वाचा, तिथे ११५ व्होल्ट लिहिलेलं असू शकतं. तुमचा २३० वर चालतोय म्हणजे तो प्रश्न नसावा, तरी बघून ठेवा, मध्ये कुठेतरी ट्रान्सफॉर्मर लपवलेला असतो.

आता खरी गंमत घुर्र-बंद-घुर्रची. या फ्रिजमध्ये बहुतेक डॅनफॉसचा बीडी३५ किंवा बीडी५० कंप्रेसर असतो, काळा, नारळाएवढा, बाजूला एक चपटा डबा चिकटवलेला. तोच पुढे सेकॉप नावाने यायला लागला. तो चपटा डबा म्हणजे मॉड्यूल, आणि त्यात बॅटरी वाचवायची सोय असते. काही बदल केलेला नसेल तर १२ च्या सिस्टीमवर व्होल्ट १०.४ च्या खाली गेले की तो कंप्रेसर तोडतो आणि ११.७ च्या वर आले की परत जोडतो. २४ व्होल्टला हेच आकडे २२.८ आणि २४.२. आता यातली महत्त्वाची गोष्ट अशी की तो हे व्होल्ट स्वतःच्या टर्मिनलवर मोजतो, बॅटरीवर काय आहे त्याला दिसत नाही.

म्हणजे होतं काय बघा. कंप्रेसर बंद आहे, वायरमधून करंट जात नाही, करंट नाही म्हणजे वायरमध्ये व्होल्ट पडत नाहीत, त्यामुळे मॉड्यूलला पूर्ण १२.२ दिसतात. तो म्हणतो चला सुरू करू. कंप्रेसर उचलतो, करंट वाढतो, खराब वायरमध्ये आणि कळकलेल्या जॉइंटमध्ये दोन-अडीच व्होल्ट जिरतात, मॉड्यूलला दिसतात ९.९, तो लगेच तोडतो. तोडलं की करंट शून्य, परत १२.२, मिनिटभराने परत प्रयत्न. दिवसभर हेच. आणि तुम्ही मल्टिमीटर लावला असणार कंप्रेसर बंद असताना, तेव्हा १२.२ दिसले असणार, आणि म्हणून सगळे म्हणाले की सप्लाय तर ओके आहे.

हिशोब करून दाखवतो. बॅटरी तुमच्या कॉकपिटखाली, फ्रिज पुढे किचनमध्ये, वायर वळणं घेत जाते ती एका बाजूने ८ मीटर धरू, म्हणजे जाऊन-येऊन १६. जुन्या बोटीत मला कायम १.५ स्क्वेअरची (म्हणजे १.५ चौरस मिलिमीटर जाडीची) वायर सापडते, घरातल्या दिव्याची असते तशी. तांब्याचा रोध धरून १६ मीटरला साधारण ०.१९ ओम झाले. चालू असताना फ्रिज ५ अँपिअरच्या आसपास घेतो, सुरू होताना क्षणभर जास्त, समजा ८. तर ८ गुणिले ०.१९ म्हणजे दीड व्होल्ट गेले नुसत्या वायरमध्ये, आणि ही नवी कोरी वायर धरून. त्यात एखादा कळकलेला फ्यूज होल्डर ०.१ ओमचा असला की अजून ०.८ गेले. १२.२ मधून २.३ वजा करा, ९.९. फ्रिज बंद. आणि कोथरूडच्या टेबलावर? एक मीटर जाड वायर, ताजी चार्ज केलेली बॅटरी १२.७ ची. का नाही चालणार, चालणारच. तुमचा फ्रिज दोन वेळा ताम्हिणी उतरून-चढून आला, त्याची काही गरज नव्हती, आजारी तो नाहीच, बोट आजारी आहे.

(नेताना मात्र उभाच न्या. आडवा ठेवावा लागला तर नंतर उभा करून काही तास थांबा, कंप्रेसरमधलं तेल खाली बसू द्या, मगच सुरू करा.)

आता करायचं काय. पहिली टेस्ट दहा मिनिटांची. एक चांगली चार्ज झालेली गाडीची बॅटरी बोटीवर न्या, फ्रिजच्या शेजारी ठेवा, मॉड्यूलच्या प्लस-मायनसवरच्या बोटीच्या वायरी काढा, त्यांची टोकं टेपने झाका, आणि मीटरभर लांबीच्या ४ स्क्वेअरच्या दोन वायरींनी बॅटरी सरळ जोडा, प्लसमध्ये १५ अँपिअरचा फ्यूज घालून. प्लस-मायनस उलटं करू नका, जोडायच्या आधी दोनदा बघा. फ्रिज चालला तर विषय संपला, मॉड्यूल चांगलं, कंप्रेसर चांगला, दोष वायरिंगचा. एवढी एक टेस्ट कुणी केली असती तर तुमचे तीन शनिवार वाचले असते.

दुसरं, दोष नेमका कुठे ते शोधणं. बोटीच्या वायरी परत लावा, आणि एकाने फ्रिज सुरू होण्याची वाट बघायची, दुसऱ्याने मीटर धरायचा. मीटर मिनिमम व्होल्टेज धरून ठेवणारा असेल तर सोनं, पुण्यात तापकीर गल्लीत मिळतो, फार महाग नसतो. आधी मॉड्यूलच्या टर्मिनलवर सुरू होताना सगळ्यात खाली किती गेले ते लिहा. मग त्याच क्षणी बॅटरीच्या पोलवर किती ते लिहा. पोलवर म्हणजे शिशाच्या गोळ्यावर पिन टेकवायची, त्यावरच्या क्लॅम्पवर नको, कारण कधीकधी दोष त्या दोघांच्या मध्येच असतो. बॅटरीवरच ११ च्या खाली कोसळत असतील तर बॅटरी म्हातारी झालीय. बॅटरीवर १२ टिकतात आणि मॉड्यूलवर १० दिसतात तर ते दोन व्होल्ट वाटेत कुठेतरी आहेत आणि ते तुकड्या-तुकड्याने सापडतात. मीटरची एक पिन फ्यूज होल्डरच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला, लोडवर, म्हणजे फ्रिज सुरू होत असताना. ०.०५ दिसलं तर ठीक, अर्धा व्होल्ट दिसला तर सापडला चोर. मग असंच मेन स्विच, मग पॅनलवरचा ब्रेकर, मग प्रत्येक जॉइंट. आणि मायनसची बाजू विसरू नका, लोक प्लसच्याच मागे लागतात आणि मायनसचा बसबार (सगळ्या मायनस वायरी जोडायची पट्टी) तळाशी पाण्याजवळ हिरवा होऊन पडलेला असतो.

तुमची आधीची फ्यूज टेस्ट, म्हणजे मीटर कंटिन्यूइटीवर (वायर जोडलेली आहे का एवढंच बघणारी सोय) लावून बीप वाजली म्हणून पास, ती इथे काही कामाची नाही. बीपला एक तार टिकलेली असली तरी पुरते. पाच अँपिअर वाहून न्यायला सगळ्या तारा लागतात.

मागच्या हिवाळ्यात एक अशीच बोट बघितली, ती लक्षात राहण्यासारखी होती म्हणून सांगतो. फ्रिजच्या लाईनमध्ये काचेच्या फ्यूजचा तो गोल पिळायचा होल्डर होता, प्लॅस्टिकचा, काळा. फ्रिज सुरू करायच्या प्रयत्नात असताना हात लावला तर होल्डर कोमट. उघडला, आतली स्प्रिंग दबून बसलेली आणि फ्यूजच्या टोपीवर कल्हई गेलेल्या पितळी भांड्याला चढतो तसा हिरवा कळंक. मीटरने त्या एकट्या होल्डरवर ०.७ व्होल्ट. तो कापून टाकला, वाटलं झालं काम, नवीन लावायला वायर सोलली तर आतलं तांबं काळं. दोन इंच मागे सोलली, काळं. एक फूट मागे गेलो तेव्हा कुठे लाल तांबं दिसलं, आणि तेही पूर्ण चकचकीत नाही. खारं पाणी केशिकेसारखं तारांमधून आत चढत जातं, वरून इन्सुलेशन अगदी नवं दिसतं. अशी वायर कितीही चांगला लग (टोकाला दाबून बसवायचं टर्मिनल) मारला तरी उपयोगाची नसते, काळ्या तांब्याला धड क्रिम्पही बसत नाही आणि डागही धरत नाही. आम्ही ती अख्खी ओढून काढली.

तुम्हालाही तेच सांगेन. अख्खी जोडी नवीन ओढा, बॅटरीपासून फ्रिजपर्यंत स्वतंत्र, दिव्यांशी आणि पंपाशी न वाटता. कंप्रेसरवाल्यांचा स्वतःचा हिशोब असा आहे की १२ व्होल्टला २.५ स्क्वेअर अडीच मीटरपर्यंत, ४ स्क्वेअर ४ मीटरपर्यंत, ६ स्क्वेअर ६ मीटरपर्यंत आणि १० स्क्वेअर १० मीटरपर्यंत, लक्षात ठेवायला सोपं आहे. तुमच्या ८ मीटरला १० स्क्वेअर. जड वाटेल, पैसे पण लागतील, पण मग वायरमध्ये सुरू होताना पाव व्होल्टच्याही आत पडतो आणि पुढची दहा वर्षं डोक्याला ताप नाही. वायर बारीक तारांची लवचिक घ्या आणि कथिल चढवलेली, टिन्ड म्हणून मागा, तार सोलल्यावर चंदेरी दिसली पाहिजे. घरात टाकतो ती कडक वायर बोटीत हलून हलून तुटते. मॉड्यूलला ६.३ मिलिमीटरचे चपटे स्पेड टर्मिनल असतात, १० स्क्वेअर त्यात बसणार नाही, म्हणून शेवटचा वीतभर तुकडा ४ स्क्वेअरचा घ्या आणि मध्ये पक्का जॉइंट करा. जॉइंटवर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, काळी टेप अजिबात नको, टेपच्या आत ओल कोंडते. फ्यूज बॅटरीजवळ, १५ अँपिअर, पात्याचा, झाकणवाल्या होल्डरमध्ये. आणि वायर कुठेही बुडाच्या पाण्यात लोळणार नाही अशी वरून बांधत न्या.

वायरिंग सगळं ठीक निघालं आणि मॉड्यूलवर सुरू होताना १२ दिसत असूनही बंद पडतोय, मग मॉड्यूललाच विचारायचं. त्यावर प्लस आणि डी अशी टर्मिनल्स असतात, त्या दोघांमध्ये १० मिलिअँपिअरचा एक साधा एलईडी लावा, प्लसकडे त्याचा लांब पाय. बिघाड झाला की तो लुकलुकतो, थांबतो, परत लुकलुकतो, किती वेळा ते मोजा. एकदा म्हणजे व्होल्टेज, म्हणजे तुमच्या केसमध्ये मला हेच येईल असं वाटतंय. दोनदा म्हणजे पंखा जास्त करंट खेचतोय, पंख्याची वायर काढून बघा, कंप्रेसर चालला तर पंखा बदला, आणि बोट २४ व्होल्टची असली तरी इथला पंखा १२ चाच लागतो, यात बरेच जण फसतात. तीनदा म्हणजे कंप्रेसर सुरूच होऊ शकला नाही, रोटर अडकलाय किंवा आतल्या दाबात फार फरक आहे, अशा वेळी अर्धा तास बंद ठेवून बघा. चारदा म्हणजे लोड इतका आहे की कमीत कमी वेगही राखता येत नाही. पाचदा म्हणजे मॉड्यूल तापलंय.

पाचदा हे कोकणात एप्रिल-मेमध्ये भरपूर दिसतं. फ्रिजच्या मागच्या कप्प्यात हवा जायला वाट नाही, कुणीतरी तिथे लाइफ जॅकेटं कोंबलेली, कंडेन्सरवर, म्हणजे मागच्या गरम होणाऱ्या जाळीवर, लव आणि धूळ. तिथे दोन भोकं लागतात, एक खाली गार हवा आत यायला, एक वर गरम बाहेर जायला. ब्रशने कंडेन्सर साफ करा, पंखा फिरतोय आणि योग्य दिशेने फुंकतोय बघा.

कंप्रेसर तपासायचाच असेल तर मॉड्यूल सरकवून काढा, खाली तीन पिना दिसतील. प्रत्येक दोघांमधला रोध सारखा आला पाहिजे, दोन ओमच्या आसपास. आणि कृपा करून कुणालाही त्या पिनांवर सरळ बॅटरी लावू देऊ नका, ही तीन फेजची मोटर आहे, तिला मॉड्यूलच फिरवतं.

गॅस खरंच कमी आहे का हे सिस्टीम न फोडता कळतं. तासभर चालल्यावर आतल्या थंड प्लेटवर बर्फ कसा धरतो बघा. सगळीकडे सारखा पांढरा थर आला तर गॅस ठीक. पाइप आत येतो तिथेच चार बोटं बर्फ आणि पुढे नुसती ओल, कंप्रेसर थांबतच नाही, तर मग कमी असू शकतो. बोट फार जुनी असेल तर फ्रिजच्या माहितीच्या प्लेटवर आर-१२, म्हणजे जुना गॅस, लिहिलंय का बघा, ती सिस्टीम १३४ए या नंतरच्या गॅसने नुसती टॉप-अप करता येत नाही, तेल पण वेगळं लागतं. तसं असेल तर मला आधी सांगा.

बॅटरीबद्दल थोडंसं, कारण वायर बदलून फ्रिज चालला की पुढचा प्रश्न हाच येणार आहे की सकाळी बॅटरी झोपली. आपल्याकडच्या उन्हात असा फ्रिज २४ तासांत ३० ते ५० अँपिअर-अवर आरामात खातो. १०० अँपिअर-अवरच्या लेड-अॅसिड बॅटरीतून निम्मंच वापरावं, म्हणजे एक दिवस-रात्र झाली की संपलं. विश्रांतीत १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी ठेवा, फ्रिज तिच्यावर कधीच नको, अंधारात वारा पडलेला असताना इंजिन सुरू झालं नाही तर थंड सरबताचं कुणाला काय. दाराचं रबर पण बघा, कागदाची पट्टी दारात धरून ओढायची, सहज निसटली तर तिथून थंडावा जातोय आणि बॅटरी त्याची भरपाई करतेय.

या शनिवारी जाल तेव्हा चार आकडे लिहून आणा: बॅटरीच्या पोलवर बंद असताना, पोलवर सुरू होताना, मॉड्यूलवर सुरू होताना, आणि एलईडी किती वेळा लुकलुकला. जमल्यास फ्यूज होल्डर उघडून आतला फोटो पण काढा आणि वायर कुठेतरी एक इंच सोलून तांब्याचा रंग बघा. काळी निघाली तर परत येताना तशीच थोडी कापून आणा, मी जाडी बघून लग आणि वायर काढून ठेवतो, पावसाळ्यात बोट वर असेल तेव्हा अर्ध्या दिवसाचं काम आहे.